गोळी म्हणजे ते बटण नव्हे

*पत्राचा सारांश:* पत्र लिहिणाऱ्या ताई ३५ वर्षांच्या, सांगली जिल्ह्यातल्या, शाळेत शिक्षिका. पती ३९ वर्षांचे, सुलेखनकार. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, पुस्तकांची मुखपृष्ठं अशी कामं करतात. २०२१च्या दिवाळीआधी ते सलग पाच रात्री झोपले नाहीत. त्या पाच रात्रींत दोनशेच्या वर कागद लिहून काढले, अकरा लाखांचं छपाईयंत्र बुक केलं, भावाशी हातघाईवर आले. १९ दिवस रुग्णालयात काढले आणि बायपोलरचं (मन कधी उन्मादात चढतं, कधी नैराश्यात उतरतं, अशा आजाराचं) निदान झालं. पुढचे चार महिने अंथरुणावर गेले. तेव्हापासून मनाचे चढउतार आवरणाऱ्या लिथियमच्या ३०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या चालू आहेत (सकाळी एक, रात्री दोन), शिवाय उन्माद आवरणारं ओलान्झापिन रात्री ५ मिलिग्रॅम. तीन वर्षं घर शांत आहे.

जानेवारीत त्यांनी ब्रिटिश अभिनेते स्टीफन फ्राय यांची बायपोलरवरची डॉक्युमेंट्री पाहिली. एकदा नाही, चार वेळा. त्यात फ्राय हा आजार असलेल्यांना विचारतात, ‘एक बटण दाबलं की आजार कायमचा जाईल, असं असतं तर दाबलं असतंत का?’ बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. तेव्हापासून पती म्हणतात, ‘मला रोज दोन वेळा ते बटण दाबायला लावता. माझी रेष मेली. पाडव्यापासून गोळ्या बंद.’ सासूबाईंचाही त्याला पाठिंबा, कारण ‘किडन्या जातील’. नात्यातल्या एकीने सुचवलंय की गोळी चुरून डाळीत घाल, त्यांना कळणारही नाही. ताई विचारतात: घालू का? आणि औषधाने कला मरते हे खरं का? जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय की, ‘हल्ली हात फार थरथरतो म्हणून चिडचिड वाढली आहे, त्यात मान धरलेली, मेडिकलमधून आणलेल्या गोळीवर दिवस काढतात.’

---

ताई,

आधी डाळीचं बोलू. बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल, हे नाही चालणार.

नका घालू. एकदाही नको.

लिथियम हे मापात मावणारं औषध आहे आणि ते माप फार अरुंद असतं. स्थिर काळात रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८च्या आसपास ठेवतात, काहींची १.०पर्यंत. १.५च्या वर विषबाधा सुरू होते. म्हणजे उपयोगी आणि घातक यांच्यात जेमतेम दुपटीचं अंतर. डाळीची अर्धी वाटी कुणी टाकतं, कुणी दोनदा वाढून घेतं, आणि तुमची लेक बाबांच्या ताटात हात घालत असेल तर तिच्या पोटात काय गेलं हे कुणालाच कळणार नाही. पुढे कधी डॉक्टरांनी हळूहळू सुटणारी एसआर गोळी दिली, तर ती चुरल्यावर सगळं औषध एकदमच सुटतं. त्यात, ‘मी आता काही घेत नाही’ असं समजून ते दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडून दुसरं काही घेऊन आले, तर दोन औषधांचा मेळ घालणारं कुणीच उरत नाही.

आणि समजा सगळं सुरळीत पार पडलं. पाडव्यापासून त्यांनी गोळ्या ‘बंद’ केल्या, तुम्ही डाळीतून चालू ठेवल्या, सहा महिने ते ठणठणीत राहिले. त्यांनी यातून काय निष्कर्ष काढायचा? गोळ्यांशिवाय मी बरा राहतो, हाच ना. तो पुरावा तुम्हीच त्यांच्या हातात दिलेला असेल आणि तो खोटा आहे हे सांगायला तुम्हाला तोंड उरणार नाही.

आणखी एक, मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. ‘माझ्या जेवणात काहीतरी घालतात’ हा या आजाराच्या तीव्र अवस्थेत काहींना होणारा भ्रम आहे. तो खरा करून ठेवू नका. पुढच्या वेळी त्यांना तसं वाटलं तर ‘असं कधीच झालं नाही’ हे वाक्य तुम्हाला छातीठोकपणे म्हणता आलं पाहिजे. कायद्याचं म्हणाल तर ज्या माणसाला आपल्या उपचारांचा विचार करता येतो, त्याच्या संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत, असं २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. ज्या दिवशी विचार करण्याची ती क्षमताच राहणार नाही, त्या दिवसाची वाट दवाखान्याकडे जाते, स्वयंपाकघरातून नाही.

आता त्या डॉक्युमेंट्रीकडे वळू. तुमच्या पत्रात एक गृहीत आहे की तिने त्यांच्या डोक्यात हे भरवलं. मला तसं वाटत नाही. हात थरथरायला जानेवारीआधीच लागला असणार, हे त्यांना विचारून पाहा. तक्रार आधीपासून होती, फिल्मने तिला शब्द दिले. म्हणून ती फिल्म लपवणं, बंद करणं, तिच्यावरून वाद घालणं यातून काही हाती लागणार नाही. उलट ती नीट, पूर्ण पाहायला हवी. गंमत अशी की चार वेळा पाहूनही त्यांनी अर्धीच गोष्ट पाहिली आहे.

‘द सीक्रेट लाइफ ऑफ द मॅनिक डिप्रेसिव्ह’ ही दोन भागांची मालिका बीबीसीने २००६मध्ये दाखवली. पुढच्या वर्षी तिला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारही मिळाला. १९९५मध्ये फ्राय लंडनमधलं एक नाटक अर्धवट टाकून कुणालाही न सांगता बेल्जियमला निघून गेले होते. निदान झालं तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. मालिकेत ते कॅरी फिशर, रिचर्ड ड्रायफस अशा नामवंतांशी आणि आजार असलेल्या साध्या माणसांशीही बोलतात. औषध घ्यायचं की नाही, या प्रश्नाशी स्वतः फ्रायही त्यात घुटमळताना दिसतात. बटणाचा प्रश्न येतो तो इथे.

पण गोष्ट २००६ला संपली नाही. २०१२मध्ये परदेशात चित्रीकरण चालू असताना फ्राय यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला आणि ते थोडक्यात वाचले. २०१३मध्ये त्यांनी स्वतःच ते जाहीर सांगितलं. त्याच मुलाखतीत हेही सांगितलं की, मनाचा पारा फार चढू नये आणि फार उतरू नये यासाठी आपल्याला औषधं घ्यावी लागतात. २०१६मध्ये बीबीसीवर ‘दहा वर्षांनंतर’ असा दुसरा चित्रपट आला. ज्या माणसाने बटणाचा प्रश्न विचारला, त्याने पुढे औषध स्वीकारलं. आणि तरीही त्यांचं लिहिणं, बोलणं, अभिनय, सगळं चालू राहिलं.

हे यजमानांच्या तोंडावर फेकायचं नाही बरं का. ‘बघा, तुमचा फ्रायसुद्धा गोळ्या घेतो’ असं म्हटलंत की संपलं सगळं. दुसरी फिल्म मिळाली तर शेजारी बसून बघा. मध्ये थांबवून शेरे मारू नका. तिच्यात आत्महत्येबद्दल बोलणं आहे, म्हणून रात्री उशिरा किंवा त्यांचं मन उतरलेलं असताना लावू नका, आणि लेक झोपल्यावरच लावा.

आता बटण. ते काल्पनिक बटण आजार मुळापासून काढतं, आणि त्याबरोबर त्या माणसाचा कदाचित बराचसा स्वभाव, वेग, आठवणीही. ‘नाही दाबणार’ म्हणणारे लोक ‘मी जो आहे तो मला पुसायचा नाही’ एवढंच म्हणत असतात. त्यात गैर काय? पण लिथियम यातलं काहीच करत नाही. ते आजार काढत नाही, माणूसही काढत नाही. लाटांची उंची कमी करतं, आणि घेतलं तेवढेच दिवस. ‘बटण दाबाल का’ याला ‘नाही’ आणि ‘गोळी घ्याल का’ याला ‘हो’ अशी दोन्ही उत्तरं एकाच माणसाची असू शकतात. तुमच्या घरी हे दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत आणि पाडव्याची तारीख त्या गुंत्याला लागली आहे.

म्हणून तत्त्वज्ञान बाजूला ठेवून हाताकडे बघू. पत्रात तुम्ही सहज लिहिलेलं मानेचं वाक्य मला सगळ्या पत्रात महत्त्वाचं वाटलं.

मेडिकलमधून आणलेली मानदुखीची गोळी कुठली आहे? पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन यातलं काही दिसलं तर ती आजच थांबवायला सांगा आणि डॉक्टरांना फोन करा. या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं मंदावतं आणि रोजचा डोस तोच असूनही रक्तातली पातळी चढते. चढलेल्या पातळीच्या पहिल्या खुणांपैकी एक म्हणजे हाताचा कंप वाढणं. म्हणजे असंही असू शकतं की रेष लिथियमने नाही, मानेच्या गोळीने थरथरते आहे. खात्री रक्त तपासल्याशिवाय होणार नाही, पण ती तपासणी पाडव्याच्या कितीतरी आधी, याच आठवड्यात करायची आहे. दुखण्यासाठी तोवर पॅरासिटामॉल चालतं, शेक चालतो. आणि त्यांचा उतरत्या फळीचा डेस्क आहे की जमिनीवर वाकून लिहितात, हेही बघा. मान त्यानेच धरली असेल.

तपासणी करतानाही चुका होतात, म्हणून नीट सांगते. रात्रीची गोळी घेतल्यानंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. रात्री नऊला घेतली तर सकाळी नऊला. त्या दिवशी सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यायची. आधी घेतली तर आकडा उगाच मोठा येतो आणि डॉक्टर डोस नको तेवढा कमी करतात. रक्त घेणाऱ्याला ‘लिथियमची लेव्हल आहे’ असं आधीच सांगा. काही नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपारिन घातलेलं असतं. त्या नळीत रक्त घेतलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं. हसू नका, असं होतं. त्याच वेळी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), टीएसएच (थायरॉईडची) आणि कॅल्शियमही करून घ्या. स्थिर रुग्णात या तपासण्या साधारण सहा महिन्यांनी करायच्या असतात. तुम्ही गेल्या तपासणीचा उल्लेख केलेला नाही, त्यावरून बराच काळ लोटला असावा, असा माझा अंदाज.

टीएसएच विशेष महत्त्वाचं आहे. लिथियमने थायरॉईड मंदावू शकतं. मग माणूस सुस्त होतो, थंडी जास्त वाजते, वजन वाढतं, कशातच रस वाटत नाही. ‘आतून विझल्यासारखं वाटतं’ ही तक्रार पुष्कळदा इथून येते आणि त्यावर थायरॉईडची साधी गोळी असते. सुस्तीला दुसरं कारणही शक्य आहे: रात्रीचं ओलान्झापिन. त्याने झोप जड होते, भूक वाढते, सकाळी डोकं जागेवर यायला वेळ लागतो. तीव्र अवस्था सरल्यावर ते अजून किती काळ लागेल, कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे. घरात सगळा राग लिथियमवर आहे, पण गुन्हेगार दुसराच निघाला तर?

आणि तिसरी शक्यता: हे औषधाचं काहीच नसून सौम्य डिप्रेशनच असेल. तेही डॉक्टरच ठरवतील. फक्त एक लक्षात ठेवा. जवळच्या जनरल प्रॅक्टिशनरकडून नुसती डिप्रेशनची गोळी आणू नका. बायपोलरमध्ये तिने पारा वर उडू शकतो.

पातळी योग्य निघाली आणि तरी कंप राहिला तर? तरीही वाटा आहेत. लिथियमचा बारीक कंप पुष्कळांना असतो. साधी गोळी घेतल्यावर एक ते तीन तासांत रक्तातलं प्रमाण शिखरावर असतं. सकाळी आठला गोळी आणि दहाला बोरू हातात, म्हणजे नेमकी चुकीची वेळ. तिन्ही गोळ्या रात्री एकदम घेता येतील का, किंवा एसआर गोळी चालेल का, हे विचारा. पातळी ०.९ असेल तर ०.७वर आणून बघता येते. एवढ्यानेही कंप कमी झालेला दिसतो. प्रोप्रॅनोलॉल नावाचं औषध कंपासाठी देतात, पण दमा असेल तर ते चालत नाही, म्हणून मनाने आणायचं नाही. चहा-कॉफीने कंप वाढतो. दिवसाला सहा-सात कप होत असतील तर कमी करा, पण एका दिवसात बंद करू नका. कॅफिन अचानक थांबलं की लिथियमची पातळी वर जाते. हे लोकांना ठाऊक नसतं आणि ‘चहा सोडला नि तब्येत बिघडली’ असं होऊन बसतं.

डॉक्टरांपुढे ‘हात थरथरतो’ असं नुसतं म्हटलं की ‘होतं थोडंफार’ असं उत्तर मिळतं. ओपीडीत पाच-सात मिनिटं मिळतात, त्यांचा दोष नाही. तुमच्याकडे मात्र इतर रुग्णांकडे नसलेलं साधन आहे: बोरू. दर रविवारी सकाळी ठरावीक वेळेला, तोच कागद, तीच शाई, त्याच मापाचा बोरू घेऊन यजमानांनी एकच ओळ लिहायची. तिच्यात ‘ळ’ आणि ‘श्र’ असावेत, कारण कंप लपतो तो सरळ दांड्यात, उघडा पडतो तो गाठीत आणि वळणात. शेजारी तारीख, सकाळची गोळी घेऊन किती तास झाले आणि आदल्या रात्री किती तास झोप झाली, एवढं लिहायचं. चार रविवारांचे चार कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले की कुठला बदल लागू पडला हे डोळ्यांना दिसतं. ज्यांना बोरू धरता येत नाही अशा वाचकांनी आतून बाहेर जाणारं गोगलगाईच्या शंखासारखं वेटोळं काढावं. कंप मोजायला डॉक्टरही तेच काढायला सांगतात.

आता ‘औषधाने कला मरते का’. मोगेन्स शाऊ या डॅनिश मनोविकारतज्ज्ञाचं नाव लिथियमच्या इतिहासात मोठं आहे. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९मध्ये उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवला, आणि पुढे आजार उलटू नये म्हणून ते देता येतं हे शाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं. याच शाऊंनी १९७९मध्ये लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना त्यांच्या निर्मितीबद्दल विचारलं. १२ जण म्हणाले, काम वाढलं. ६ जण म्हणाले, फरक नाही. ६ जण म्हणाले, कमी झालं. चोवीस म्हणजे फार नाहीत, हे मान्य. पण ‘मरते’ म्हणणाऱ्यांना आणि ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हा आकडा गप्प करतो. चौघांत एकाला खरंच तोटा जाणवला. तुमचे यजमान त्या सहांतले असू शकतात. ‘तुमचं आपलं काहीतरीच’ म्हणून त्यांची तक्रार उडवू नका. पण कंप, थायरॉईड, ओलान्झापिन आणि मानेची गोळी एवढं निस्तरल्याशिवाय ते त्या सहांतले आहेत की नाहीत, हे कळायला मार्ग नाही.

पाच रात्रींतले ते दोनशे कागद. तुम्ही लिहिलंय की ते माळ्यावर आहेत. पारा चढत असतानाचं काम आठवणीत फार तेजस्वी असतं, कारण आठवण कामाची कमी आणि त्या वेळच्या भावनेची जास्त असते. पण ते कागद वाद जिंकण्यासाठी खाली काढू नका. स्वतः त्यांनीच काढले तर बसा शेजारी. काही सुंदर असतील, काही नसतील. पारखी नजर त्यांची आहे, तुम्ही निकाल देऊ नका.

बोलायचं कसं, हेही विचारलंय तुम्ही. ‘गोळ्या सोडणार नाही ना?’ या प्रश्नाने तुम्ही पोलीस होता. त्याऐवजी: ‘अहो, रेष थरथरते ती कधीपासून? मानेची गोळी सुरू केली त्याच्या आधीपासून की नंतर?’ हा प्रश्न त्यांच्या बाजूचा आहे. मग एक विनंती: ‘पाडव्याचं आत्ता ठरवू नका. आधी रक्त तपासू, डॉक्टरांना कागद दाखवू, जे बदलता येतं ते बदलून तीन महिने बघू. त्यानंतरही नको वाटलं तर मी तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे येऊन तेच सांगेन.’ शेवटचं वाक्य म्हणणं जड जाईल, ठाऊक आहे. पण ते खरं असल्याशिवाय पहिली दोन वाक्यं फसवणूक ठरतात. निर्णय शेवटी त्यांचा आहे, तुम्हाला मिळवायचा आहे तो वेळ आणि क्रम.

आणि तरीही सोडायचंच ठरलं तर? लिथियम एका दिवसात कधीही तोडायचं नाही. अचानक थांबवलं की पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत आजार उलटण्याचा, विशेषतः उन्मादाचा धोका फार वाढतो, आणि आत्महत्येचाही. लिथियम आत्महत्येपासून बऱ्यापैकी राखतं आणि ते छत्र एकदम काढून घेतल्यासारखं होतं. कमी करायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, किमान चार आठवड्यांत आणि शक्यतो तीन महिन्यांत, पायरी पायरीने. लग्नसराईच्या ऐन हंगामात, रात्री जागून पत्रिका संपवायच्या दिवसांत नाही. पाडव्याची तारीख मला म्हणूनही नको वाटते: पुढे लग्नांची गर्दी, जागरणं आणि उन्हाळा.

उन्हाळ्याचं गोळ्या घेणाऱ्या सगळ्यांसाठीच सांगते. घाम, जुलाब, उलट्या, कडक उपास, निर्जळी, यांनी अंगातलं पाणी आणि मीठ घटतं आणि लिथियमची पातळी चढते. दिवसभर पाणी पीत राहायचं, जेवणातलं मीठ एकदम तोडायचं नाही. जुलाब-उलट्या लागल्या तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही, म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांनी, पातळी वाढते. त्या लिहून देणाऱ्याला लिथियम चालू असल्याचं सांगायलाच हवं. हात खडखडून हलणं, बोलणं जड होणं, चालताना तोल जाणं, गुंगी, सतत उलट्या, असं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

सासूबाईंची किडनीची भीती हवेतली नाही. वर्षानुवर्षं लिथियम घेणाऱ्या काहींच्या मूत्रपिंडाचं काम घटतं, म्हणून तर क्रिएटिनिन सहा महिन्यांनी बघायचं. पुढचा रिपोर्ट आला की तो त्यांना दाखवा, गेल्या वेळचा आकडा शेजारी ठेवून. ‘डॉक्टर सांगतात म्हणून’ यापेक्षा दोन आकडे म्हातारीला जास्त पटतात. मात्र किडनीसाठी म्हणून गोखरू, पुनर्नवा असे लघवी साफ करणारे काढे घरात उकळत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

गोळ्या चालू राहोत वा कमी होवोत, दोन गोष्टी आत्ताच, सगळं शांत असताना लिहून ठेवा. पहिली, झोप. त्यांचा आजार झोपेतून आत येतो, २०२१मध्येही तसाच आला. दोघांनी मिळून आकडा ठरवा. उदाहरणार्थ, सलग दोन रात्री पाच तासांहून कमी झोप आणि तरी थकवा नाही, तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन जाणार. तो फोन कोण करणार, हेही त्यांनीच लिहावं. दुसरी, पैसे. बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घ्या, क्रेडिट कार्डाचीही. मोठी खरेदी असेल तर दोघांची सही आणि तीन दिवसांची थांबणूक, हा नियम तुमच्यावरही लागू ठेवा, नाहीतर तो शिक्षा वाटतो. मशीनच्या ॲडव्हान्सचे पैसे परत मिळवायला काय यातायात पडली, हे त्यांना सांगायची गरज नाही, आठवत असणार.

त्याच बैठकीत, गंभीर अवस्थेत उपचारांबाबत आपल्या वतीने कोणी बोलायचं, त्या व्यक्तीचं नाव त्यांनी साध्या कागदावर लिहून सही करावी. कायद्यात याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. तुमचंच नाव असेल असं धरून चालू नका, त्यांना मित्राचं नाव लिहायचं असेल तर लिहू द्या. आणि मध्यरात्री काही सुचेनासं झालं, त्यांना किंवा तुम्हाला, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मरणाची भाषा निघाली तर मात्र फोनवर विसंबू नका. त्यांना एकटं सोडू नका आणि थेट रुग्णालयात न्या.

तेव्हा क्रम असा: आज पाकीट वाचा, दोन दिवसांत रक्त, रिपोर्ट आला की डॉक्टर. कागदाची ओळ या रविवारपासूनच सुरू करा. ओळ कुठली लिहायची आणि तारीख कुठल्या कोपऱ्यात घालायची, हे मात्र त्यांनाच ठरवू द्या.